जरा सरकता का?

एसटीच्या भरभराटीच्या काळात पोर हे जागा धरायचं साधन होतं. गाडी फलाटाला लागते न लागते तोच बाप त्याला बखोटीला धरून खिडकीतून आत सोडायचा. आत पडलेलं पोर कपडे न झटकता थेट दोन सीटवर आडवं व्हायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "आमची माणसं येतायत" म्हणून ठणकावून सांगायचं. ज्यांना पोर नसे ते रुमाल टाकत. पण रुमाल उचलून बाजूला ठेवणारे महाभाग असतात. आडवं पडून भोकाड पसरायच्या तयारीत असलेलं पोर उचलून ठेवणारा अजून जन्माला यायचाय. पोरामागे आई, आईमागे ट्रंक, ट्रंकेमागे आजी अशी सगळी वरात मग सावकाश आत यायची आणि त्या दोन सीटवर पाचजण बसायचे.

आता तेच पोर मोठं होऊन बाप झालंय, विमानानं जातंय, आणि आपल्या पोराशेजारी बसायला मिळावं म्हणून पैसे भरतंय.

स्वस्तातल्या विमानाचं गणित सरळ आहे. तिकीट म्हणजे फक्त या गावातून त्या गावात नेण्याचं. बाकी सगळं सुटं. जेवण सुटं, जादा सामान सुटं, आणि कुठे बसायचं हेही सुटं. खिडकी पाहिजे, इतके. पाय लांब करायचेत, तितके. काहीच नको, तर यंत्र देईल ती सीट. विमान सुटायच्या आधी वेब चेक-इन उघडतं तेव्हा पडद्यावर सीटांचा रंगीत नकाशा येतो. त्यातले फुकटाचे चौकोन बहुतेक मधले आणि मागचे असतात, तेही एकमेकांपासून लांब लांब, जणू कुणी ठरवून अंतर राखलंय. आईबाप आणि दोन पोरं अशा चौकोनी कुटुंबाला मग चार रांगांतल्या चार मधल्या सीटा मिळतात. काउंटरवर तक्रार केली की पलीकडची मुलगी गोड हसून म्हणते, "सर, सिस्टीमनं दिलंय." ही सिस्टीम कुठे बसते, तिला खिडकी मिळते का, हे कुणाला ठाऊक नाही.

यात योगायोग किती आणि हिशेब किती, हे एकदा ब्रिटनमध्ये तपासून झालंय. २०१७ साली बीबीसीच्या ग्राहकांसाठीच्या एका कार्यक्रमानं चार-चार माणसांचे गट आयर्लंडच्या रायनएअरच्या चार विमानांतून पाठवले, सीटचे पैसे न भरता. सगळ्यांना मधल्या सीटा. ऑक्सफर्डच्या संख्याशास्त्रज्ञ जेनिफर रॉजर्स यांनी आकडेमोड करून सांगितलं, की निव्वळ नशिबानं असं होण्याची शक्यता ५४ कोटींत एक. कंपनीचं म्हणणं असं, की खिडकीच्या आणि कडेच्या सीटा पैसे भरणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात, मग उरतात त्या मधल्याच. तेही खोटं नाही. पण उरलेल्या मधल्या सीटांवर माणसं वाटताना आईच्या शेजारी मूल ठेवायला यंत्राला काही जास्त वीज लागत नसावी.

सुरुवातीला असं नव्हतं. कॅप्टन गोपीनाथांचं एअर डेक्कन २००३ साली उडायला लागलं तेव्हा त्यात आसनक्रमांक नसायचे. बस विमानापाशी थांबली की माणसं शिडीकडे जी धाव घ्यायची, ती स्वारगेटच्या कुठल्याही जुन्या प्रवाशाला ओळखीची वाटली असती. फक्त खिडकी उघडत नसल्यामुळे पोर आत टाकायची सोय नव्हती. अमेरिकेतल्या साउथवेस्टनं तर १९७१ पासून अर्धशतकाहून जास्त काळ सीटांना माणसं नेमून दिलीच नाहीत. आधी येईल त्यानं हवं तिथे बसावं. सहा वर्षांपर्यंतची मुलं असतील तर त्यांना थोडं आधी आत सोडायचं, म्हणजे घर एकत्र बसेल. जानेवारी २०२६ मध्ये त्यांनीही ही पद्धत मोडली आणि क्रमांक दिले.

आपल्याकडच्या प्रवासाची सगळी इमारत एका वाक्यावर उभी आहे: जरा सरकता का? मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो. अर्धाच बसतो, अर्धा अधांतरी असतो, पण बसतो. ते कुठल्या कायद्यात नाही आणि त्याला आजवर कुणी कोर्टात आव्हान दिलेलं नाही. रेल्वेच्या लांबच्या गाडीत "आमची फॅमिली आहे हो" एवढं म्हटलं की खालच्या बर्थवरचा माणूस उसासा टाकून चादर उचलतो आणि वर चढतो. रेल्वे स्वतःही मूल आणि आई एक धरूनच चालते. २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट. अर्ध्या तिकिटात बर्थ नाही. म्हणजे त्यानं आईच्या कुशीत झोपावं, असं सरकारी खात्यानं गृहीत धरलंय. २०२२ च्या मे महिन्यात उत्तर रेल्वेनं लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडून तान्ह्या बाळासाठी घडीची छोटी फळी बसवून पाहिली होती. रेल्वेच्या नावानं आपण कितीही बोटं मोडली तरी मुलाला आईपासून बारा रांगा लांब ठेवायची कल्पना तिला सुचली नाही.

विमानात सरकता येत नाही. तिथे हात ठेवायचा दांडा असतो. तो दांडा हे नुसतं लोखंड-प्लास्टिक नाही, ती बांधाची मेर आहे. तिच्या अलीकडे माझं, पलीकडे तुझं. आणि त्या अलीकडच्याचे मी पैसे मोजलेत. लोकलमध्ये सरकणाऱ्याचं फार तर अर्धं बूड जातं. विमानात "जरा बदलता का?" म्हटलं की समोरच्याच्या पाचशे रुपयांना हात लागतो. मग तो कपाळाला आठ्या घालतो आणि आपण त्याला माणुसकी नाही म्हणतो. खरं तर त्याची माणुसकी त्यानं परवा रात्री कार्डावरून विकत घेतलेली असते, खिडकीसकट.

सरकारांनाही यात पडावं लागलंय. तत्कालीन अमेरिकी अध्यक्ष बायडन यांनी फेब्रुवारी २०२३ च्या वार्षिक भाषणात हा विषय काढला होता; मूल म्हणजे सामान नव्हे, अशा अर्थाचं ते काहीतरी बोलले. मला ते ऐकून वाटलं, सामान असतं तर बरं झालं असतं. सात किलोची बॅग पुढच्या सीटखाली, आपल्या पायाशी, फुकट ठेवता येते. तिला कुणी २१ ई वर पाठवत नाही. पुढच्या वर्षी तिथल्या वाहतूक खात्यानं १३ वर्षांपर्यंतच्या मुलांना पालकांशेजारी विनाशुल्क बसवावं, असा मसुदा काढला. ब्रिटनच्या विमान प्राधिकरणाचा सल्ला असा, की मुलं शक्यतो पालकांच्याच रांगेत असावीत, नाहीच जमलं तर एका रांगेपेक्षा किंवा मधल्या वाटेपेक्षा लांब नकोत. त्याच रायनएअरनं वेगळाच तोडगा काढला: २०१६ पासून बारा वर्षांखालच्या मुलांबरोबरच्या मोठ्या माणसानं स्वतःच्या सीटचे पैसे भरायचेच, मग शेजारची मुलांची सीट फुकट. सक्तीनं विकत घ्यायला लावून वर फुकट म्हणायचं, ही हुशारी आमच्या लक्ष्मी रोडलाही जमलेली नाही.

आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं एप्रिल २०२४ मध्ये बजावलं, की एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला किमान एका पालकाच्या शेजारी बसवायलाच हवं, आणि त्याची नोंदही ठेवायला हवी. चांगला नियम आहे. पण त्यातले दोन शब्द मराठी घरांत गोंधळ घालतात.

पहिला शब्द पीएनआर. पूर्वी कुटुंब रेशनकार्डावर मोजलं जायचं, आता पीएनआरवर. आणि आमच्याकडे तिकिटं काढणारा जो हिशेबी माणूस असतो तो कुटुंबाचे तुकडे करून तिकिटं काढतो. एका कार्डावर दोनच तिकिटांना सवलत, म्हणून दोन या कार्डावर, दोन त्या कार्डावर. आजीचं भाच्याच्या पॉइंटांतून. साडेचारशे रुपये वाचवून हा माणूस रात्री समाधानानं झोपतो. सिस्टीमच्या दृष्टीनं मात्र त्या घराची वाटणी झालेली असते.

दुसरा शब्द 'किमान एक'. कोणता एक, हे सरकारनं सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नव्हती. आई आणि दोन पोरं १४ ए, बी, सी ला, आणि बाप २७ डी ला. बाप वाटेत थांबून दोनदा विचारतो, "जमेल ना तुला? मी बसू का इथे?" दोन्ही वेळा मागून येणाऱ्या रांगेचा रेटा त्याला पुढे नेतो. मग तो सत्ताविसाव्या रांगेत जाऊन बसतो, पट्टा लावतो, कानात बोंडं घालतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी शांतता पसरते ती मी काही तीर्थस्थानी जाऊन आलेल्या माणसांच्या तोंडावरही पाहिलेली नाही. विमान उतरल्यावर हाच माणूस सामानाच्या पट्ट्यापाशी म्हणतो, "मागे फार गरम होत होतं."

यात हसण्यावारी न नेण्यासारखं एक आहे. विमान संकटात सापडलं तर दीडेकशे माणसं नव्वद सेकंदांत बाहेर पडली पाहिजेत, तीही निम्मे दरवाजे बंद आहेत असं धरून. ही चाचणी पास झाल्याशिवाय विमानाला परवाना मिळत नाही. त्या चाचणीत सगळे दरवाजाकडे जातात. खऱ्या प्रसंगात आई दरवाजाकडे जाणार नाही. ती उलट्या दिशेनं, गर्दी चिरत, मुलाच्या रांगेकडे जाईल, आणि तिला कुणी अडवू शकणार नाही. "आधी स्वतःचा मास्क लावा, मग मुलाचा" ही सूचना लिहिणाऱ्यानंही मूल हाताच्या अंतरावर आहे असं धरलेलं आहे.

त्या मास्कांमुळेच मी एकदा अडकले. भाच्याचं लग्न होतं नागपूरला, २०२३ चं तुळशीचं लग्न नुकतंच आटोपलेलं, म्हणजे तो एप्रिलमधला आदेश निघायचा होता. आमचे हे लग्नाच्या आदल्या दिवशी येणार होते, पुरुषमंडळी येतात तसे. मी पुण्याहून पुढे निघाले. खिडकीची सीट पैसे भरून घेतली होती, कारण मला नागपूर येईपर्यंत कुणाशीही बोलायचं नव्हतं. ९ ए. कडेच्या ९ सी वर मांडीवर तान्हं बाळ घेतलेली एक मुलगी येऊन बसली. मध्ये सहाएक वर्षांची, दोन वेण्यांची, एक दात पडलेली चिमुरडी चढून बसली आणि तिच्यामागून तिची आई आली. आईच्याही कडेवर बाळ, आणि हातात २१ ई चा पास. ऐन वेळी विमान बदललं होतं, सीटा हलल्या होत्या, सिस्टीमनं दिलं होतं.

मी उठायला तयार होते. पैसे भरलेली खिडकी सोडायला मन तयार नव्हतं, पण मी उठायला तयार होते. ९ सी वालीही तयार होती. होस्टेस म्हणाली, "नाही मॅम, एका बाजूला दोन इन्फंट नाही बसवता येत." तीन सीटांच्या डोक्यावर साधारणपणे चार मास्क असतात, एक बाळ मांडीवर असलं तर पुरतात, दोन असली तर एक नाक उरतं. आणि दोघींची अदलाबदल करायची तर ९ सी वालीनं २१ ई वर जायचं, म्हणजे मधल्या सीटवर, दोन परक्या पुरुषांच्या मध्ये, अंगावरचं बाळ घेऊन. तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो विषय कुणी पुढे नेला नाही. मग पोरीला मागे न्यायचं ठरलं. २१ डी वाल्या काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय वाटेत काढता यावा म्हणून त्यांनी ती सीट घेतलेली. २१ एफ वाला विमान सुटायच्या आधीच खिडकीला गाल लावून झोपला होता. त्याला हलवून विचारलं, तर त्यानं डोळे न उघडता सांगितलं, "पेड सीट है." त्याला काय बोलणार? माझीही पेडच होती.

"राहू द्या," आई म्हणाली. "हुशार आहे ती. ए गुड्डी, काकूले तरास नको देजो बरं." आणि ती बारा रांगा मागे गेली.

गुड्डीनं पट्टा माझ्याकडून लावून घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "काकू, तुमी खिडकीत बसून राहिल्या, तं मंग बाहेर काहून नाही पाहून राहिल्या?" माझ्या मांडीवर पुस्तक होतं. या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नव्हतं. धावपट्टीला लागायच्या आत खिडकी तिच्याकडे गेली होती आणि मी मध्ये आले होते, फुकटाच्या सीटवर.

वर गेल्यावर पट्ट्याचा दिवा विझला आणि खरा प्रवास सुरू झाला. मागे आईच्या मांडीवर बाळ झोपलेलं, त्यामुळे तिला उठता येईना. तिनं विसाव्या रांगेतल्या बाईंना सांगितलं, "जरा समोर सांगता का, तिला म्हणा पाणी पी." बाईंनी एकोणिसाव्याला, त्यानं अठराव्याला. पंधराव्या रांगेत मराठी संपलं आणि हिंदी सुरू झालं, अकरापाशी इंग्रजी. आमच्या मागच्या सीटवरून एका तरुणानं वाकून मला विचारलं, "आंटी, इज शी वॉटर?" मी हो म्हटलं. उत्तर परत गेलं. मग एक स्टीलचा डबा निघाला. हातोहात, रांगोरांग, जपून, कुणाच्या तरी डोक्यावरून तो आमच्यापर्यंत आला तेव्हा त्यात तीन तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. मागून निघताना किती होत्या याची चौकशी मी केली नाही. चौदाव्या रांगेत कुणीतरी तोंड पुसत होतं. त्यानंतर "चपला काढू नको म्हणा" असा निरोप निघाला, तो पोचेपर्यंत "चपला काढ" झाला होता, आणि गुड्डीनं तो ताबडतोब पाळला. एक चप्पल पुढच्या सीटखाली गेली ती नागपूरलाच सापडली.

शेवटचा निरोप नाजूक होता. आईला विचारायचं होतं, पोरीला सू लागली आहे का. बारा रांगांतल्या सभ्य माणसांपैकी कुणालाच हा शब्द मोठ्यानं उच्चारायचा नव्हता. प्रत्येकानं तो थोडा थोडा धुऊन पुढे दिला. तेराव्या रांगेतल्या, म्हणजे संकटकालीन दरवाजाला टेकून बसलेल्या सुटाबुटातल्या गृहस्थांनी तो पुढे देताना स्वच्छ, खणखणीत आवाजात विचारलं, "एनी इमर्जन्सी?"

होस्टेस धावतच आली. दोनजणांनी छताकडे पाहिलं. २१ एफ वाल्यानं पहिल्यांदा डोळे उघडले. गुड्डीनं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "लागली."

९ सी वालीनं झोपलेलं बाळ मला दिलं, तोवर होस्टेस गुड्डीला अनवाणी घेऊन मागे निघाली होती. आईच्या रांगेपाशी ती थांबली असणार, कारण परत येताना तिच्या वेण्यांना नव्या रबरी होत्या आणि तिच्याबरोबर पंधरावी, सोळावी, सतरावी रांग हसत होती. "त्या डोळे मिटलेल्या काकानं मले चॉकलेट देल्लं," असं तिनं मला सांगितलं आणि अर्धं दिलंही.

पाच ते बारा वर्षांच्या मुलाला कंपनीला सांगून, जादा पैसे भरून, एकट्यानं पाठवता येतं. मग त्याच्यासाठी एक माणूस नेमलेला असतो. तो त्याला दारापासून दारापर्यंत हाताला धरून नेतो. आईबरोबर निघून आईपासून सुटलेल्या पोराला असं कुणी नेमलेलं नसतं. त्या दिवशी अख्खं विमान कामाला लागलं होतं, आणि एकालाही त्याचे पैसे मिळाले नाहीत. उलट २१ एफ चं चॉकलेट गेलं.

लग्न छान झालं. परतीचं वेब चेक-इन ह्यांनी केलं, कारण ते त्यांना जमतं अशी त्यांची समजूत आहे. विमानतळावर पास हातात पडला तेव्हा हे ६ सी ला होते आणि मी २४ बी ला.

"सिस्टीमनं दिलं," हे म्हणाले. चेहऱ्यावर तीच सत्ताविसाव्या रांगेची शांतता. नवऱ्यांना शेजारी बसवायचा नियम तेव्हा नव्हता. मी काही बोलले नाही. खाण्याची पिशवी माझ्या खांद्याला होती. वहिनीनं दिलेले चिरोटे, चिवडा आणि संत्राबर्फीचा मोठा डबा.

विमान वर जाऊन सरळ झालं आणि पाचदहा मिनिटांत पुढून एकेका रांगेतून माना मागे वळायला लागल्या. तेविसाव्या रांगेतला मुलगा सीटवरून वाकून म्हणाला, "आंटी, ६ सी वाले अंकल पूछ रहे हैं, बर्फी आपके पास है क्या?"

"त्यांना म्हणावं," मी म्हटलं, "पेड आहे."